व्हीलचेअर नेणाऱ्या दादांना

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव बिल्ल्यावर वाचलं होतं, पण ते चारचौघांत लिहू का, हे विचारायचं राहिलं. म्हणून इथे नुसतं दादा म्हणते. विमानाच्या दारापासून टॅक्सीच्या दारापर्यंत तुम्ही माझ्या आईला नेलंत आणि तिच्यामागून सामान सांभाळत येणाऱ्या मलाही. निघताना घाईत दोन शब्द बोलले, तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.

एवढ्या मोठ्या विमानतळावर पाट्यांना तोटा नसतो. बाण असतात, चित्रं असतात, सतत घोषणा चालू असतात. पण पाटी दिशा दाखवते, क्रम सांगत नाही. आधी काय करायचं, कशाला थांबायचं नाही आणि कुठल्या दारातून एकदा बाहेर पडलं की परत आत येता येत नाही, हे सांगायला माणूस लागतो. तुम्ही प्रत्येक टप्पा यायच्या थोडं आधी तो सांगत होता. रात्रभर जागलेल्या, पाय सुजलेल्या माझ्या आईचा जीव त्यानेच शांत झाला.

सगळे उतरून गेल्यावर तुम्ही आत आलात आणि पहिलंच विचारलंत, "मावशी, जिना चढता येतो का?" मला ती सहज केलेली चौकशी वाटली. मग तुम्ही समजावलंत की व्हीलचेअरच्या मागणीतही प्रकार असतात. लांब चालवत नाही पण जिना जमतो, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर. जिनाही जमत नाही, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस. आसनापर्यंतही स्वतः जाता येत नाही, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. तिकीट काढून देणाऱ्याने पहिला प्रकार टाकला होता आणि आईच्या गुडघ्यांना दुसरा हवा होता. एअरोब्रिज, म्हणजे विमानाच्या दाराला जोडलेला बंदिस्त पूल, मिळाला तर फरक कळत नाही, पण विमान दूर मैदानात उभं असेल तर शिडी चढावी लागते. जिना न चढणाऱ्यांसाठी उचलून नेणारी गाडी आधीच सांगून ठेवावी लागते. "परतीच्या तिकिटावर बदलून घ्या, निदान ४८ तास आधी," असं तुम्ही बजावलंत. दादा, परतीला विमान खरंच दूर उभं होतं. आई त्या गाडीतून थेट दाराशी गेली. मी तेव्हा तुमचीच आठवण काढली.

इमिग्रेशनचं फारसं सांगण्यासारखं नाही. उतरायच्या ठिकाणचा पूर्ण पत्ता आणि फोन कागदावर तयार ठेवा म्हणालात, तोच तिथे विचारला.

खरी परीक्षा सामानाच्या पट्ट्याशी झाली. पट्टा थांबला, माणसं पांगली, आईची बॅग नाही. तिचा चेहरा उतरला. तुम्ही आधी एवढंच विचारलंत, "औषधं कुठे आहेत?" ती हातातल्या पिशवीत आहेत म्हटल्यावर तुम्ही आईला पाणी दिलंत आणि मला कामाला लावलंत. पट्ट्यावरून उतरवून भिंतीशी रांगेने लावलेल्या बॅगा बघायच्या. मोठ्या आकाराचं सामान वेगळ्या दाराने येतं, तिथे बघायचं. तिथेही नसेल तर कस्टम्स ओलांडायच्या आत, त्याच हॉलमधल्या विमान कंपनीच्या सामान-काउंटरवर जायचं. बाहेर जाऊन मग तक्रार करू म्हटलं, तर आत परत सोडत नाहीत.

बॅग देताना मिळालेल्या चिठ्ठीवर दहा आकडी क्रमांक असतो. बॅग शोधतात ती त्यावरून. ती चिठ्ठी लोक बोर्डिंग पासला चिकटवून विसरतात आणि पास फेकून देतात, हे तुमच्याकडूनच कळलं. काउंटरवर जो नोंदीचा कागद देतात, त्याला पीआयआर म्हणतात. त्याच्यावर पाच अक्षरं आणि पाच आकडे असा संदर्भ असतो. त्याचा फोटो काढायला लावलात. लिहिलेला पत्ता मला मोठ्याने वाचायला लावलात, फोनच्या आधी देशाचा कोड आहे ना ते पाहिलंत. "बॅग आली की लगेच उघडा, तुटलं-फुटलं असेल तर लेखी कळवा, थांबू नका," हे तुमचं शेवटचं वाक्य. बॅग घरपोच आली, तिचं एक चाक मोडलेलं होतं. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान खराब मिळालं तर हाती आल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळालं तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. हे मी नंतर वाचलं. तुमच्यामुळे तोवर माझं पत्र गेलेलंही होतं आणि दुरुस्तीचे पैसे मिळाले.

मग बाहेरचं दार उघडलं. नावांच्या पाट्या धरलेली माणसं, हारतुरे, ढकलगाड्या आणि चहूबाजूंनी "टॅक्सी? टॅक्सी?" थकलेला माणूस फसतो तो इथे. तुम्ही चालता चालताच सांगितलंत की अधिकृत टॅक्सी आत येऊन गिऱ्हाईक शोधत नाही, तिची रांग असते. ॲपवरून गाडी मागवायची तर बॅगा हातात आल्यावरच मागवा, कारण फुकट थांबायची मिनिटं मोजकी असतात. ती गाडी बहुतेकदा समोरच्या दाराशी न येता पार्किंगच्या एखाद्या मजल्यावर येते, तेव्हा टर्मिनल, मजला आणि खांबाचा क्रमांक तिन्ही कळवा. गाडीत बसण्याआधी नंबरप्लेट ताडून पाहा. आपलं नाव आपण सांगू नका, चालकालाच विचारा, "कुणाला न्यायला आलात?" विमानतळाच्या वायफायसाठी येणारा ओटीपी परक्या देशात आपल्या सिमवर येईलच असं नाही, म्हणून मदत कक्षातून जोडून घ्या.

मला स्वतःला सगळ्यांत भावलं ते वेगळंच. मी रेल्वेची पाटी पाहून तिकडे वळत होते, कारण ती स्वस्त आणि रस्त्याच्या कोंडीतून सुटलेली. तुम्ही मला अडवलं नाहीत. फक्त विचारलंत, "उतरल्यावर त्या स्टेशनात लिफ्ट चालू असते का? तिथून घर किती लांब?" विमानतळावरून निघायचं साधन तिथल्या सोयीवर ठरवायचं नसतं, जिथे उतरायचं तिथल्या पायऱ्यांवर ठरवायचं असतं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा असं मला वाटतं. आम्ही टॅक्सीच्या रांगेत गेलो. उंच गाडी आली, तर तुम्ही ती मागच्यांना सोडून आईला बसायला सोपी अशी बुटकी गाडी मिळेपर्यंत थांबायला लावलंत. व्हीलचेअरचा ब्रेक लावला, पायटेकण वर केलं, मग तिला हात दिलात.

या सगळ्यात तुम्ही आईशी बोलत होता, माझ्याशी तिच्याविषयी नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून बोलायची सवय फार जणांना असते. आईने हे मला नंतर दोनदा सांगितलं.

तुमच्या बिल्ल्याचा क्रमांक, विमानाचा क्रमांक, तारीख आणि वेळ घालून मी विमानतळाच्या अभिप्राय अर्जात आणि तुमच्या सेवा-कंपनीकडे सविस्तर लिहिलं आहे. काय काय केलंत ते सगळं त्यात आहे. त्याची प्रत तुमच्या नोंदवहीला लावावी, अशी विनंतीही केली आहे.

आईचा आशीर्वाद आणि माझे मनापासून आभार.

तुमची,
मावशींची लेक