उतरायचं बळ विचारणाऱ्या बाईंना

बाई,

तुमच्याकडे डोंगरावर नेणाऱ्या गाइडला सगळे नावानं हाक मारतात, आणि वयानं तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. पण आमच्याकडे जी शिकवते तिला बाई म्हणतात आणि अहो-जाहो करतात, म्हणून मीही तसंच करते. हे पत्र मराठीत लिहिलंय, कारण जे सांगायचंय ते मला इंग्रजीत नीट सांगता येत नाही. भाचरांपैकी कुणीतरी तुम्हाला ते वाचून दाखवेल.

मी नाशिकची. गेली अठरा वर्षं सिएटलजवळ राहते. हवा स्वच्छ असली की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माऊंट रेनियर हा बर्फानं झाकलेला ज्वालामुखी दिसतो. कळसूबाई मी किती वेळा चढले याची मोजदाद नाही. त्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, आणि रेनियरच्या पायथ्याशी पॅराडाइजला जिथे गाडी लावतात त्या जागेचीही जवळपास तेवढीच. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक जिथे संपतं, तिथे तुमची वाट सुरू होते आणि पुढे १४,४१० फुटांपर्यंत (सुमारे ४,३९२ मीटर) जाते. हे वाचलं तेव्हा आनंद झाला होता. पॅराडाइजच्या वरच्या बर्फाच्या उतारावर, मुइर स्नोफील्डवर, पाय ठेवला तेव्हा त्याचा अर्थ कळला.

सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण आमचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. त्या कातळावर पाय कसा रोवायचा हे मला लहानपणापासून माहीत आहे. बर्फावर मला काहीच येत नव्हतं, आणि तुम्ही अगदी पहिलीच्या वर्गासारखं सुरुवातीपासून शिकवलंत. मागचा पाय सरळ ठेवायचा, भार मांडीवर न घेता हाडावर घ्यायचा, एक क्षण थांबायचं, मग पुढचं पाऊल. ओठ आवळून जोरात श्वास सोडायचा. क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या धातूच्या साच्याचे, दात पँटमध्ये अडकू नयेत म्हणून पाय जरा फाकवून टाकायचे. घसरून पडल्यावर आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, बर्फात रुतवून स्वतःला कसं थांबवायचं, हे तुम्ही आमच्याकडून पोटावर, पाठीवर आणि शेवटी डोकं उताराकडे करून करवून घेतलंत. डोकं खाली असताना मी तीनदा चुकले. चौथ्यांदा जमलं तेव्हा तुम्ही "आणखी एकदा" म्हणालात. ते "आणखी एकदा" मला फार आवडलं.

कॅम्प मुइर या वाटेवरच्या तळावरून मध्यरात्री निघालो. दोरात पुढे तुम्ही, मागे आम्ही तिघं. इंग्रॅम ग्लेशियरवर एका ठिकाणी तुम्ही थांबू दिलं नाहीत, पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणालात. कारण नंतर सांगितलंत: २१ जून १९८१ रोजी याच ग्लेशियरवर वरून बर्फाचे कडे कोसळले आणि अकरा माणसं गेली. मला चालताना फक्त तुमचा आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजात घाई असली तरी भीती नव्हती.

मग डिसअपॉइंटमेंट क्लीव्हर, बर्फातून वर आलेली खडकाची धार. मोकळे, हलणारे दगड, पायात क्रॅम्पॉन, अंधार. क्लीव्हरच्या टोकावर, सुमारे १२,३०० फुटांवर, तुम्ही सगळ्यांना जाड जॅकेटं घालायला लावलीत आणि माझ्याजवळ येऊन बसलात. मी खिशातला खजुराचा लाडू काढला होता, पण चावायचीही इच्छा नव्हती. मला वाटलं होतं, तुम्ही विचाराल, "वर जाशील ना?" त्याला मी हो म्हटलं असतं. पाय चालत होते, डोंगराचा माथा जवळ वाटत होता, वर्षभर तयारी केली होती. तुम्ही विचारलंत, "उतरायला किती बळ उरलंय?"

असं मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी हिशेब केला, आणि उत्तर आलं: एवढंच, इथून खाली जाण्यापुरतं. तसं म्हणाले. तुम्ही समजावलं नाहीत, धीर दिला नाहीत, वाईट वाटल्याचं दाखवलं नाहीत. "ठीक" म्हणालात, बाकीच्या दोघांना दुसऱ्या गाइडच्या दोरात बांधलंत आणि माझ्याबरोबर परत फिरलात. त्या दिवशी माथा तुम्हीही सोडलात, बाई. आभार मानायचे ते मुख्यतः याचे.

उतरताना क्लीव्हरवर माझे गुडघे लटपटत होते. तुम्ही दोर आखूड धरून माझ्या मागून येत होतात, प्रत्येक पावलाला दोरावर हलका ताण ठेवून. दोनदा पाय निसटला आणि दोन्ही वेळा तोल जायच्या आत दोर ताणला गेला. आणखी दोन हजार फूट चढून आले असते, तर माझ्या दोरातल्या त्या दोघांचं काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते.

उजाडताना कॅथेड्रल गॅप या खिंडीजवळ आपण बसलो, तेव्हा तुम्ही स्टीव्हन्स आणि व्हॅन ट्रम्प या जुन्या गिर्यारोहकांची गोष्ट सांगितलीत. १८७० च्या ऑगस्टमध्ये ते दोघं माथ्यावर पोचले खरे, पण दिवस मावळायला आला होता आणि उतरायला वेळच उरला नव्हता. माथ्यावरच्या ज्वालामुखीच्या खड्ड्यातून येणाऱ्या वाफेनं बर्फात गुहा झाली होती, तिच्यात त्यांनी रात्र काढली आणि त्यावरच तगले. डोंगर आतून अजून गरम आहे, म्हणून ते जगले. हे सांगताना तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात, डोंगराकडे पाहत होतात.

तुमच्या प्रश्नाचं पुढे काय झालं, ते कळवायचं होतं. माझा भाचा नाशिकमध्ये रविवारी शाळकरी मुलांना गडांवर नेतो. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की चढताना हात टेकावे लागतात, आणि खरी परीक्षा उतरताना होते. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं. आता तो पायऱ्यांच्या खाली मुलांना थांबवतो आणि एकेकाला विचारतो, "उतरायचं बळ आहे का?" गेल्या रविवारी दोन मुलं खालीच थांबली. एक मोठा मुलगा त्यांच्यासोबत थांबला, तिघांनी मिळून डबा खाल्ला, आणि त्यांना कुणी चिडवलं नाही.

तुमच्या दोरातली,
नाशिकची विद्यार्थिनी