वार कुठे आहे, हे नीट पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात. आम्हीही मानले, अगदी मनापासून. पण माझ्या बाळंतपणाच्या ऑपरेशनची तयारी दीड महिना आधी, ठाण्याच्या नौपाड्यातल्या तुमच्या सोनोग्राफीच्या खोलीत सुरू झाली होती. आमच्या घराबाहेर हे फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लासेंटा, खाली, गर्भपिशवीच्या तोंडावर आल्याचं लिहून आलं होतं. घरी सगळे बाळाच्याच ओळी वाचत होते. हृदय, मेंदू, मणका, मूत्रपिंडं, सगळं ठीक. वारेची ओळ शेवटाकडे होती. ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकीने "सरकते गं वर, काळजी करू नकोस" असंच म्हटलं. ते खोटंही नव्हतं. तुम्हीच नंतर मला समजावलंत की पाचव्या महिन्यात खाली दिसणारी वार बहुतेक जणींच्या बाबतीत पुढे तोंडापासून दूर जाते. वार जागची हलत नाही, पिशवीचा खालचा भाग लांबत जातो आणि अंतर वाढतं. म्हणून ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा पाहतात. माझं पहिलं बाळ मात्र सिझरने झालेलं, त्यामुळे माझ्या डॉक्टरांनी तेवढं न थांबता सातव्या महिन्यातच तुमच्याकडे पाठवलं.

गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा एफ फॉर्म भरून झाला, आधार कार्डाची झेरॉक्स दिली, आणि आत आल्यावर मशीनला हात लावण्याआधी तुम्ही माझी जुनी फाईल मागितलीत. पहिलं सिझर कधी झालं, मध्ये कधी पिशवी साफ करावी लागली होती का, मधल्या काळात रक्त गेलं का. इतके प्रश्न सोनोग्राफीच्या खोलीत मला कुणी विचारले नव्हते. लघवी थोडी साठवून यायला सांगितलं होतंत, तडस लागेल इतकी नको, हेही बजावलं होतंत. मूत्राशय थोडं भरलेलं असलं की त्याची आणि पिशवीची सीमा स्वच्छ दिसते, आणि फार भरलं तर पिशवीचा खालचा भाग दाबला जाऊन वार आहे त्यापेक्षा खाली भासते. कारण कळल्यावर ते पोट दाबून बसणं मला जड गेलं नाही.

मग तुम्ही म्हणालात की आतून, म्हणजे योनीमार्गातून पाहावं लागेल. माझ्या सासूबाई बाहेरून घाबरून उठल्या. वार तोंडावर असताना आतून तपासलं तर रक्तस्राव होईल, असं त्यांनी ऐकलं होतं. रांगेत बाकी पेशंट होते, तरी तुम्ही त्यांना आत बोलावलंत, बसवलंत आणि सांगितलंत, "आजी, तुमची भीती बरोबर आहे, पण ती बोटाने तपासण्याची. ते आम्ही करतच नाही. हा प्रोब, सोनोग्राफीची ही दांडी, पिशवीच्या तोंडाच्या आत जात नाही, अलीकडेच थांबतो. वार खाली असली तरी ही तपासणी सुरक्षित आहे, आणि पोटावरून दिसतं त्यापेक्षा अंतर यात नेमकं मोजता येतं." सासूबाईंचा चेहरा निवळलेला मी पाहिला. त्यांच्या भीतीला हसून बाजूला सारणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. तुम्ही तसं केलं नाहीत, याचे आभार वेगळे.

त्यानंतर तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. रक्ताचा प्रवाह दाखवणारं रंगीत डॉपलर लावलंत, पुन्हा पोटावरून पाहिलंत, पुन्हा आतून. शेवटी स्क्रीन माझ्याकडे वळवून एकेक गोष्ट दाखवलीत. वार आणि पिशवीचा स्नायू यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ दिसायला हवी, ती जुन्या टाक्यांच्या जागी नव्हती. स्नायूची जाडी तिथे एक मिलिमीटरपेक्षाही कमी उरली होती. वारेत वेड्यावाकड्या आकाराच्या काळ्या पोकळ्या होत्या आणि डॉपलरमध्ये त्यांतून रक्त भोवऱ्यासारखं फिरताना दिसत होतं. मूत्राशयाकडची पांढरी रेघ मात्र अखंड होती, म्हणजे वार तिथवर गेल्याचं दिसत नव्हतं, आणि ती तुम्ही मला मुद्दाम दाखवलीत. मला अजून नीट उमगत नाही असं पाहून म्हणालात, "पिकलेल्या फणसाचा गरा कसा अलगद सुटतो, तशी बाळंतपणानंतर वार सुटते. तुझी वार जुन्या टाक्यांच्या जागी स्नायूत रुजली आहे असा मला संशय आहे. ती ओढून काढायला गेलं तर खूप रक्त जाईल. म्हणून ती ओढायचीच नाही, हे आधीपासून ठरवायचं."

नंतर मी वाचलं. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, वार तोंडावर आणि आधी एक सिझर असेल तर ती अशी रुजण्याचं प्रमाण ११ टक्के, आधी दोन असतील तर ४० टक्के आढळलं होतं. आधी सिझर झालेल्या प्रत्येकीला दुसऱ्या खेपेला हे कुणीतरी बसवून सांगायला हवं, असं मला फार वाटतं. "बाळ कसं आहे?" एवढंच आपण विचारतो. वार कुठे आहे, टाक्यांवर आहे का, हे विचारायचं असतं हेच आपल्याला ठाऊक नसतं.

त्याच दिवशी तुम्ही आणखी एक गोष्ट पाहिलीत, ती मी तेव्हा लक्षातही घेतली नव्हती. नाळ वारेला कुठे जोडली आहे आणि बाळाच्या रक्तवाहिन्या उघड्या अशा पिशवीच्या तोंडावरून जात नाहीत ना, याची खात्री करून "व्हासा प्रिव्हिया नाही" असं रिपोर्टमध्ये लिहिलंत. त्या ओळीचा अर्थ शोधताना २००४ सालचा १५५ गर्भारपणांचा अभ्यास सापडला. हा दोष आधी सोनोग्राफीत कळला तिथे ९७ टक्के बाळं वाचली, आधी कळला नाही तिथे ४४ टक्के. माझ्या बाळाला तो दोष नव्हता. पण नसल्याचं पाहून ठेवायलाही कुणीतरी तिथे प्रोब धरून थांबावं लागतं.

रिपोर्ट टाईप व्हायच्या आत तुम्ही माझ्या डॉक्टरांना स्वतः फोन केलात. एमआरआय कशासाठी तेही तेव्हाच सांगितलंत. वार किती खोल गेली आहे, बाजूला कुठे पसरली आहे का, हे ऑपरेशन करणाऱ्यांना नकाशासारखं हाती यावं म्हणून. त्यात क्ष-किरण नसतात, आणि शिरेतून द्यायचं औषधही गरोदरपणात देणार नाहीत, हे तुम्ही सांगितल्यामुळे त्या मोठ्या आवाजाच्या नळीत मी निर्धास्त पडून राहिले. "शंभर टक्के खात्री कुठलीच तपासणी देत नाही, पोट उघडल्यावरच कळेल," हेही तुम्ही लपवलं नाहीत. त्यामुळेच बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

आणि मग तो साधा प्रश्न: "रात्री रक्त जायला लागलं तर किती वेळात पोहोचशील?" मी नवी मुंबईतल्या घणसोलीची. रस्ता दिघ्यावरून, विटाव्यावरून कळव्याला येतो, आणि पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहतात. दिवस जूनचे होते. तुम्ही लगेच म्हणालात, पाऊस लागण्याआधी ठाण्यात राहायला ये, आणि बाळंतपण अशाच ठिकाणी कर जिथे रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग एकाच छताखाली आहेत. मी पाचपाखाडीला मावशीकडे आले. यजमानांचे रबाळे एमआयडीसीतले सहकारी सुट्टी टाकून रक्त द्यायला आले.

सगळ्यात मोठी गोष्ट लिहायला मला वेळ लागला. वारेसकट पिशवीच काढावी लागेल, हे मला शुद्धीवर असताना, घरी, नवऱ्याशेजारी बसून समजून घेता आलं. आम्ही दोघं रडलो. तिसरं मूल आम्हाला नको होतं, तरी रडलो. मग सही केली, आणि ती माझ्या मनाने केली. अचानक रक्तस्राव होऊन बेशुद्धीत हाच निर्णय झाला असता, तर मी त्याच्याशी आयुष्यभर भांडत राहिले असते.

ऑपरेशन ३५ व्या आठवड्यात झालं. बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं आधीच दिली होती. पिशवीवरचा छेद वारेला टाळून वरच्या बाजूला घेतला, बाळाला काढलं, वारेला हात न लावता पिशवी काढली. युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्राशयाचे डॉक्टर, शेजारी उभे होते, त्यांची गरज पडली नाही. मुलगी काही दिवस काचेच्या पेटीत होती, आता दूध पिताना माझं बोट घट्ट धरते. आजी तिला तुमच्याकडे दाखवायला आणायचं म्हणतात, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा कळवा.

काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. त्यात "प्लासेंटा इन्क्रिटा" लिहिलं आहे, म्हणजे वार स्नायूत रुजलेली, आरपार गेलेली नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये संशय म्हणून हाच शब्द होता. पेशंट पुढच्या दवाखान्यात गेला की त्याचं पुढे काय झालं हे सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना बरेचदा कळत नाही, असं तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात. म्हणून त्या रिपोर्टची प्रत आणि एमआरआयची सीडी तुमच्या केंद्रात पोचती करते आहे. माझं नाव झाकून ती नव्या डॉक्टरांना शिकवायला वापरायची असेल तर जरूर वापरा. माझी लेखी संमती त्याच पाकिटात आहे.

आपली नम्र,
घणसोलीची एक आई