सुमे, जीप गेली

प्रिय सुमे,

जीप गेली. फोनवर सांगितलं असतं तर तू दोन वाक्यांत माझं सांत्वन केलं असतंस आणि पुढच्या विषयाला गेली असतीस. मला हे सावकाश सांगायचंय, म्हणून लिहायला बसलेय.

गणपतीनंतर मागच्या बाजूचा आवाज वाढला म्हणून कणकवलीला नेली. तुझ्या दादांच्या हाताखाली शिकलेला तो उंच पोरगा आठवतो ना, त्याच्याच गॅरेजात. तो खाली सरपटला, बाहेर आला आणि कितीतरी वेळ नुसता फडक्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "ताई, चाशीत आता जीव ऱ्हवलो नाय." गाडीच्या खालच्या सांगाड्याला, मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचा हँगर जिथे बसतो तिथून वरपर्यंत तडा, आणि त्याखाली जुन्या वेल्डिंगचे थर. बोटाने टोकरलं तर पापुद्रे सुटून हातात आले. वेल्ड धरायला चांगलं लोखंडच उरलेलं नाही.

आप्पा ऐकून गप्प बसले. घरात बाकी सगळ्यांच्या लेखी ती भंगाराच्या भावाची गोष्ट आहे. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, आणि हे तुझ्याखेरीज कुणाला सांगणार? त्याच एमएम ५४० जीपवर आपण दोघी गाडी शिकलो. क्लच दाबायला मी सीटच्या कडेला यायचे आणि तू पाठीमागे उशी धरायचीस. वहाळात जीप घातली ती तूच, हे मी आजही कुठल्याही देवळात सांगेन.

तब्येती ठीक. आप्पांची साखर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच. पुरे.

आता खरी काळजी. आंब्याला पालवी फुटायला लागली की फवारण्या सुरू. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे पहिली पालवीवर, मग मोहोरावर दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने. म्हणजे दिवाळीपर्यंत टाकीची ट्रॉली ओढणारी गाडी दारात हवी. नवी घेण्याइतके पैसे नाहीत. जुनी, फोर बाय फोर, सात लाखांच्या आत, आणि त्याच गाडीतून आप्पांना तपासणीला न्यायचं, आंब्याच्या पेट्या हायवेपर्यंत पोचवायच्या, पावसात सड्यावरच्या चिखलातून घरी यायचं. "मिनी ट्रॅक्टर घे" असं सांगणारे सकाळ-संध्याकाळ भेटतात. ट्रॅक्टरवर बसवून आप्पांना हॉस्पिटलात कोण नेणार, ते मात्र कुणी सांगत नाही.

आणि सुमे, जो तो मला गाडी किती ओढते तेच सांगतो. एकाने तर फळीवर चढणाऱ्या थारचा व्हिडिओ दाखवला. आपल्याकडे ओझं चढत नाही, उतरतं! विहीर वर घराशी, कलमं खाली खाडीकडे. साडेसातशे लिटरची टाकी, म्हणजे पाणीच साडेसातशे किलो. त्यात ट्रॉलीचं लोखंड, पंप, त्याचं इंजिन, पाइपाची वेटोळी. टनाच्या वर जातं सगळं. हे घेऊन घाटी उतरायची, जांभ्याच्या सुट्या खडीवरून, आणि वरच्या वळणाला यंदा पावसाने मोठा चर पाडलाय. वर येताना टाकी रिकामी असते, तेव्हा कुठलीही गाडी येईल. मला थांबणारी गाडी हवीय.

म्हणून तुझी लाडकी मारुती जिप्सी पहिल्यांदा बाद. रागावू नकोस, पूर्ण वाच. चिखलात तिच्यासारखी हलकी, चपळ गाडी नाही, हे मी कॉलेजात असतानाही मान्य करत होते. तुला ऐकायचं नव्हतं. पण तिचं स्वतःचंच वजन टनाच्या आसपास. मागची ट्रॉली तिच्याहून जड. उतारावर ब्रेक दाबला की ट्रॉली मागून रेटणार, आणि गाडी हलकी, वर पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस) २३७५ मिलिमीटर, म्हणजे वळणात ढुंगण बाहेर फेकलं जायला वेळ लागणार नाही. शिवाय १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, शंभराच्या जरा वर न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, तोही मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांना. रिकाम्या ट्रॉलीलाही ते रडवून रडवून ओढावं लागेल. लष्करानेसुद्धा २०१७ मध्ये जिप्सीच्या जागी सफारी स्टॉर्मच मागवल्या, ३,१९२. हे वाक्य तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवलं होतं.

थार मात्र सोडवत नव्हती. जुनी, २०२० च्या आधीची, २.५ लिटर सीआरडीई डिझेल. २४७ न्यूटन-मीटर, मागे पाटे, दुरुस्ती गल्लीबोळात, आणि २०१५ नंतरच्या गाड्यांना मागे लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे एक चाक चरात लोंबकळलं तरी दुसरं ओढतं. पुढची चाकं शाफ्टला जोडणारे हब व्हॅक्यूमवर चालतात. नळी फाटली की फोर बाय फोरचा दांडा टाकला तरी पुढची चाकं जागची हलत नाहीत, आणि ते कळतं चिखलात रुतल्यावर. ते मी पत्करलं असतं. पण आप्पा मागच्या आडव्या बाकांवर चढतील कसे? पुढे बसले तर आई मागे. दोघांचे गुडघे तुला माहीत आहेत. फोर्सची गुरखाही पाहिली. दोन्ही अ‍ॅक्सलला लॉक, दणकट, पण आपल्या भागात सुटे भाग मिळवायला दिवस मोडतात आणि फवारणीचा दिवस मोडून चालत नाही.

राहिली टाटाची सफारी स्टॉर्म. (नवी सफारी नव्हे. २०२१ पासून त्या नावाने जी येते तिला पुढच्याच चाकांचा जोर आणि स्वतंत्र चाशी नाही. दोन एजंटांनी मला तीच "सफारी आहे ना मॅडम" म्हणून दाखवली, आणि बोलत होते सगळं आमच्या ह्यांच्याशी.) दोन टनांच्या आसपास वजन, २६५० चा व्हीलबेस, ३२० न्यूटन-मीटर आणि तो सतराशे फेऱ्यांपासूनच हाती येतो. आप्पा सहज बसतात. अडचण एकच: साडेचार मीटरहून लांब. मी सुतळी घेऊन घाटीत गेले, वरच्या वळणाची रुंदी मोजली. कडेची एक दरड फोडून घेतली तर एका दमात वळेल.

मिरजेजवळ एका ऊसवाल्यांकडे एक पाहून आलेय. २०१६ ची. देशावरचीच हवी म्हणून तिकडे गेले. आपल्याकडच्या खाऱ्या हवेतली गाडी वरून चकचकीत असली तरी खालून संपलेली असते. तेच दुखणं मला पुन्हा विकत घ्यायचं नाही. दिल्लीच्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्तात देणारेही फोन करतात, पण एनओसी, इथला टॅक्स आणि गाडी कुठल्या हातांतून आली याचा पत्ता नाही. नकोच.

मालक सज्जन. अभिमानाने म्हणाले, "ताई, फोर बाय फोर कधी लावलंच नाही." त्यांना वाटलं मी खूश होईन. माझ्या पोटात गोळा आला. दादा काय सांगायचे, न वापरलेला गिअर हा वापरलेल्या गिअरपेक्षा जास्त तपासावा. हिचं फोर बाय फोर बटणावर आहे, खाली मोटर ते फिरवते; ती वर्षानुवर्षं पडून राहिली की अडकते. दाखवा म्हटलं तर त्यांनी तिथेच डांबरी रस्त्यावर बटण फिरवलं आणि वळण घ्यायला निघाले. मी थांबवलं. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मध्ये तो फरक सांभाळणारं डिफरन्शियल नाही, कोरड्या डांबरावर चाकाला घसरायला जागा नाही, मग सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरवर. उसाच्या पाणंदीत नेली. फोर-हाय लगेच लागला. फोर-लोला, म्हणजे कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरला, गाडी पूर्ण उभी, न्यूट्रल, क्लच दाबलेला, तरी दिवा लुकलुकत राहिला. पुन्हा केलं तेव्हा लागला. मग मात्र पहिल्या गिअरात उतारावर ब्रेकला पाय न लावता अशी सावकाश उतरली, की मला घाटी डोळ्यांसमोर दिसली. मला हेच हवंय गं. ब्रेक तापून पाय तळाला जाण्यापेक्षा इंजिनाने गाडी धरून ठेवायला हवी.

पुढचा शाफ्ट जागेवर आहे, मी वाकून पाहिला. मायलेजसाठी तो काढून ठेवणारे भेटलेत. चारही टायर एका मापाचे. ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचं, तेल पाहू दिलं नाही, म्हणाले मेकॅनिक आणा. दुधाळ निघालं तर आत पाणी गेलेलं, एवढं मला कळतं. आणि एक गोष्ट खटकते: चाशीला खालून नवा काळा रंग. काळजीने मारला की काही झाकायला?

ट्रॉलीचं मी ठरवून टाकलंय. हूक बंपरला वेल्ड करायचा नाही, चाशीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने धरणारी फ्रेम करायची, ५० मिलिमीटरचा गोळा, दोन साखळ्या. टाकी अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, म्हणजे एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येईल. मागे झुकली की ट्रॉली डोलायला लागते. टाकीत आडवे-उभे पडदे, कारण अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, पाणी ब्रेक लावला की पुढे आणि वळणात एका बाजूला धावतं. आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक. गाडी थांबली की ट्रॉली पुढे रेटते, त्या रेट्यानेच ब्रेक लागतो, तसला जोड कुडाळचा एक फॅब्रिकेटर बसवून देतोय. आमचे हे म्हणतात, एवढा खर्च ट्रॉलीवर? मी म्हटलं, खाली मजूर चालत असतात पुढे. त्यावर ते काही बोलले नाहीत. ट्रॉली पासिंगही करून घेणार. कायद्याने ती वेगळं वाहनच आहे आणि मधे ग्रामपंचायतीचा रस्ता लागतो.

तुझं काय चाललंय? सासूबाईंचा गुडघा बरा झाला का, की अजून तू एकटीच जिने चढतेस-उतरतेस? पोराची दहावी म्हणजे तुझीच परीक्षा, त्याला थोडं मोकळं सोड. नाशिकचा फ्लॅट मिळाला की फोटो पाठव. तू गॅरेज विकायचं ठरवलंस हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्याबद्दल भेटल्यावर बोलू, भांडूही.

आता ऐक. मला तू मिरजेला हवी आहेस. मेकॅनिक मी इथूनही नेईन, पण चाशी ठोकून आवाजावरून ती आतून खाल्लीय का ते सांगणारी मला तूच माहीत आहेस. दादांनी ते तुला शिकवलं, मला नाही, आणि त्याचा मला तेव्हा फार राग यायचा. येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीने निघ, मी रविवारी सकाळी स्टॅंडवर असेन. दादांची ती छोटी हातोडी आण. टोकन मी अजून दिलेलं नाही. ते सोमवारपर्यंत थांबतील, त्यापुढे नाही.

तुझी,
शैला

ता. क. आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतोय. कर्ज फिटलंय म्हणतात. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही केलेला फॉर्म ३५ शुक्रवारी हातात देणार आहेत. ते मिळाले की तुला फोन करते, मगच तिकीट काढ.