सूचना : प्रॉम्सला उभ्याने येणाऱ्यांसाठी

मंडळी, जुलैच्या मध्यापासून लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफलींचा उन्हाळी महोत्सव, सुरू होतायत. खुर्चीच्या तिकिटाच्या नादी लागू नका. उभ्याची तिकिटं त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन निघतात, दहा पौंडांच्या आत. १८९५ पासूनची मूळ कल्पनाच ही : कमी पैशांत, उभं राहून ऐकायचं.

उभं राहायच्या जागा दोन : अरीना आणि गॅलरी. अरीना म्हणजे मंचासमोरची मोकळी जागा. व्हायोलिनवाल्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. गॅलरी थेट छताखाली. तिथं लोक खुशाल सतरंजी पसरून आडवे होतात. परीक्षेनंतरच्या थकलेल्यांनी गॅलरीच धरावी.

बूट मऊ घाला. मी गेल्या वर्षी नव्या कोल्हापुरी घालून संगीतकार मालरच्या दीड तासाच्या सिम्फनीला (वाद्यवृंदाच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेला) उभा राहिलो, पुढचे दोन दिवस लंगडत होतो.

आणि हो, 'वा! क्या बात है!' पोटातच ठेवा. सिम्फनीच्या दोन भागांमध्ये शांतता पडली तरी सिम्फनी संपलेली नसते. शेजारच्या पांढऱ्या केसांच्या आजींनी टाळी वाजवली की वाजवा.

शनिवारी येणाऱ्यांनी साडेपाचला साउथ केन्सिंग्टन स्टेशनच्या तिकीट-फाटकाबाहेर भेटावं. तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. मोठी सॅक नको.