हजेरीपटावर नाव, दाखल्याला नकार

मा. इतर मागास बहुजन कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

साहेब, माझे आबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या आत जन्मले. आम्ही कैकाडी. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या वहीत आमची अख्खी जात होती. आबांच्या वडलांना हजेरी द्यावी लागायची, परगावी जायला पास लागायचा. 31 ऑगस्ट 1952ला तो कायदा देशभर रद्द झाला. तरी आबा अजून बार्शीला लेकीकडे निघाले की नाक्यावरच्या हवालदाराला सांगून जातात. हवालदार पोरसवदा, म्हातारा आपल्याला हे का सांगतोय, त्याला कळत नाही.

आबा मिलमध्ये होते. सुट्टीच्या दिवशी निरगुडीच्या फोका भिजवून, पायाच्या अंगठ्यात धरून टोपल्या विणायचे आणि गड्ड्याच्या यात्रेत विकायचे. वस्तीतली भांडणं त्यांच्या कट्ट्यावर मिटायची, दंड न लावता. शहरात कुठं चोरी झाली की आमची पोरं उचलली जायची. मग आबा डबा घेऊन चौकीत जायचे आणि पोरगं सुटेपर्यंत बाकावर बसून राहायचे. पोरांच्या शाळेच्या दाखल्यांची पत्र्याची पेटी अजून त्यांच्या उशाशी असते. कुणाला फॉर्म भरायचा असला की आधी ती पेटी उघडते.

त्याच पेटीतले कागद घेऊन मी आबांच्या नातीच्या जातीच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो. त्या कायद्यातून सुटलेल्या आमच्यासारख्या विमुक्त जातींना 21 नोव्हेंबर 1961पूर्वीचा पुरावा लागतो. आबांच्या शाळेच्या उताऱ्यात जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ आहे. फाईल त्रुटी काढून परत आली. दोनदा.

जात बघूनच ज्यांना तारेत घातलं, त्यांना आता जातीचा कागद मागताय. तो कागद सरकारनंच लिहिला होता: सेटलमेंटचे हजेरीपट, पासांच्या वह्या. त्या अभिलेखागारांतून शोधून काढा, त्यांची छायाप्रत वारसांना द्या आणि ती नोंद जातीचा पुरावा म्हणून धरण्याचा स्पष्ट शासन निर्णय काढा. पैसे मागत नाही. आमच्या बापजाद्यांवर ठेवलेली पाळत आमच्या पोरांच्या उपयोगी पडू द्या, एवढंच.

उत्तर पाठवलंत तर आबांना वाचून दाखवीन. त्यांचा डावा कान मिलच्या खडखडाटात गेला, त्यामुळं मोठ्यानं वाचावं लागतं. कट्ट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल.

आपला,
सेटलमेंटमधला एक नातू
सोलापूर