लढाईवरून घरी आलेली पत्रे : वाचनालयाचे आवाहन

माणगाव तालुक्यातील सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्यातले आपले चाकरमानी यांस सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत सुमारे २५ लाख माणसे होती आणि त्यांतला प्रत्येक जण स्वखुशीने भरती झालेला होता. आपल्या तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसमुळे (ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक) त्यांचे नाव राहिले, माणगावात पुतळाही उभा राहिला. पण मराठा पलटणींतून इरिट्रियातले केरेन, लिबियातले तोब्रुक, इटलीपर्यंत गेलेल्या बाकीच्या मुलांचे काय? त्यांचे जे काही आहे ते तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे : त्यांनी घरी धाडलेली पत्रे. ती आम्हाला स्कॅन करून जपायची आहेत.

आमच्याकडे आलेल्या एका गठ्ठ्यात जवान विचारतो ते भातलावणीचे, बैलाच्या पायाचे, मनीऑर्डर पोचली का याचे. आपण कुठे आहोत, हे मात्र एकाही पत्रात नाही. पत्रे तपासणारा फौजी सेन्सॉर ते लिहूच देत नसे. ठिकाण शोधायचे ते टपालाच्या शिक्क्यावरून. त्यावर गावाचे नाव नसते, फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे फौजेबरोबरच्या टपाल कार्यालयाचा, नुसता नंबर असतो. नंबर आणि तारीख जुळवली की पलटण तेव्हा कुठे होती, याचा माग लागतो. म्हणून हात जोडून विनंती, तिकिटासाठी पाकिटाचा कोपरा कापू नका. फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आहे तसे आणा.

अक्षर लागत नाही म्हणून पत्र रद्दीत टाकू नका. काही पत्रे मोडीत आहेत. काही इंग्रजी वाटतात, पण ती रोमन अक्षरांत लिहिलेली हिंदुस्थानी (हिंदी-उर्दूची बोली) असते. फौजेत तीच शिकवत. तोब्रुकला १९४२ मध्ये आपले बरेच जवान कैद झाले. कैदेतून आलेले चार ओळींचे कार्ड असेल तर तेही हवे आहे. मूळ पत्र आम्ही ठेवून घेणार नाही. तुमच्यासमोर स्कॅन करून तिथल्या तिथे परत देऊ. घरगुती मजकूर लोकांसमोर ठेवायचा की नाही, हे त्या घराने ठरवायचे.

या कामाला पैसा लागणार आहे : चांगला स्कॅनर, परत देताना पत्रे घालायला आम्लरहित (पत्र खराब न करणाऱ्या) कागदाची पाकिटे आणि मोडी वाचणाऱ्यांचे मानधन. रक्कम कितीही असो, वाचनालयाच्या कार्यालयात रोख किंवा धनादेशाने द्यावी, पावती मिळेल. पैसे शक्य नसतील तर वेळ द्या. मोडी जाणणारी माणसे आम्हाला सर्वांत आधी हवी आहेत.

ज्या घरी आजी अजून आहेत आणि कोणते पत्र कोणाचे ते सांगू शकतात, त्यांनी फक्त निरोप धाडावा. आमचे कार्यकर्ते स्कॅनर घेऊन घरी येतील. त्या घरांना पहिला नंबर.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी