मनू, पुस्तक शेवटपर्यंत वाचलं

शाहूपुरी, सातारा
रविवार, सकाळ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा मेसेज आला, "थोडं हललं, शिंदो तीन, काळजी करू नका." बाबा लगेच शिंदो म्हणजे काय ते शोधायला बसले. जपानी लोक धक्का 0 ते 7 असा मोजतात, 5 आणि 6 चे पुन्हा दोन-दोन भाग, तेव्हा तीन म्हणजे काहीच नाही, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. मला समजलं. तरी तुझं कपाट पलंगाच्या उशाशी आहे का, एवढं कळव. व्हिडिओ कॉलवर मागे काहीतरी उंच दिसत होतं.

पण पत्र त्यासाठी नाही, पुस्तकांसाठी आहे.

तू निघायच्या आदल्या रात्री जेमिसिनबाईंची 'द फिफ्थ सीझन' ही कादंबरी मी पंधराव्या पानावर मिटली आणि म्हणाले, पोटच्या पोराला बापच मारतो, असलं काय वाचतेस. तू म्हणालीस, "आई, तू कुठलीच गोष्ट पुरती ऐकत नाहीस." मग विमानतळापर्यंत कुणी बोललं नाही. खंबाटकीत तुला मळमळलं, तेव्हा पाणीसुद्धा तू बाबांकडे मागितलंस.

तर त्या मालिकेचे तिन्ही भाग वाचून झाले. 'तू अमुक केलंस, तू तमुक केलंस' असं सांगणं आधी टोचतं, नंतर ती बाई आपणच होऊन जातो. तीन जणींच्या तीन गोष्टी वाटतात आणि तिघी म्हणजे एकच बाई, हे कळलं तेव्हा गॅसवर दूध आहे हे मला आठवलं नाही. दुसरा भाग मात्र जमिनीखालच्या त्या गावात रेंगाळतो. 2016 ते 2018 ओळीनं तीनदा ह्यूगो पुरस्कार मिळाला म्हणे. पहिल्याला मी विचारही न करता दिला असता, दुसऱ्याला नाही.

त्या पुस्तकांत माणसाच्या करणीनं जमीन चवताळते, ही वाचणाऱ्यांना कल्पना वाटत असेल. आम्हा पाटणच्या पोरांना नाही वाटत. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे चार वाजून गेले होते. मी सात वर्षांची. आधी आवाज आला, घाटातून ट्रक उतरावेत तसा, पण पायाखालून. मांडणीवरचे पितळी डबे एकामागून एक खाली आले. आजीनं मला गोधडीसकट ओढून अंगणात काढलं आणि माझ्या केसांतली माती झाडत राहिली. कोयनेच्या बाजूला पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणात साठलेल्या पाण्यामुळे हे झालं असं शास्त्रज्ञ सांगू लागले, ते मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की घरात झोपायचं नाही. त्या थंडीत आम्ही कितीतरी दिवस अंगणात झोपलो. आजी झोपायची नाही. उशाशी बसून असायची.

म्हणून 'प्रोजेक्ट हेल मेरी'तला परग्रहावरचा रॉकी मला इतका आवडला. अँडी वीअर विज्ञान फार सुरेख समजावतो, नोकरीत असते तर नववीच्या वर्गात वाचून दाखवलं असतं. माणसं रंगवताना घाई करतो, अंतराळात एकटा पडलेला तो ग्रेस सतत विनोद करतो, तेही मला नको होतं. पण रॉकीच्या लोकांत एकजण झोपला की दुसऱ्यानं जागं राहून त्याच्याकडे बघायचं, अशी रीत आहे. त्याला डोळे नाहीत, आवाजावरून पाहतो, तरी ग्रेस झोपला की राखण करत बसतो. ते वाचताना मला आजी दिसली. तुझ्या खोलीत रात्री कोण असतं, मनू?

उशाशी बूट आणि बॅटरी ठेव. धक्का बसला तर लिफ्टनं उतरू नकोस. तुझं ऑफिस बाराव्या मजल्यावर, तिथे खिडकीजवळची जागा असेल तर सांगून बदलून घे. अंगावर काही पडेल असं... बघ, पुन्हा सुरू झालं माझं. माफ कर. तिथे तुला हे सगळं माझ्यापेक्षा नीट शिकवलं असेल.

एक मात्र लिहायचंच आहे. 'द फिफ्थ सीझन'मधल्या त्या बाईचा, एसुनचा, हात लहानपणी तिच्या राखणदारानं मोडलेला, प्रेम करतो म्हणत. पुढे तीच आपल्या मुलीचा हात मोडते, पोरीनं स्वतःला आवरायला शिकावं म्हणून. तिथे मी पुस्तक खाली ठेवलं. तिसरीत असताना तू गॅलरीच्या कठड्यावर चढलीस म्हणून मी तुझ्या हातावर पट्टी मारली होती. पट्टी तुटली. तू रडली नाहीस, रात्री डाव्या हातानं जेवलीस. मला राग आला नव्हता, भीती वाटली होती. तेव्हा सांगायला हवं होतं.

नगर वाचनालयात कुणी विचारलं की मी सांगते, मुलगी जपानीत काम करते, जपानीत भांडतेसुद्धा. नारळीकरांचं 'प्रेषित' पाचवीच्या सुट्टीत तुला मीच वाचून दाखवलं होतं, हेही सांगते.

पार्सलमध्ये मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी आहे. तुझ्या कप्प्यातलं 'पिरानेसी' काल सुरू केलं, शेवट सांगू नकोस. खोलीचा फोटो पाठव, पलंग आणि कपाट दोन्ही दिसेल असा.

तुझी,
आई